हळदीचा एक तास कोरा

(डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मरणार्थ समुद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



समुद्रपूरला येऊन हळदीवर बोलायचं म्हणजे धाडसच. तुमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पत्ता सांगताना ‘वायगाव हळद्या’ असं पूर्ण नाव सांगावं लागतं. नाही तर पाहुणा वर्ध्याजवळच्या वायगाव निपाणीला जाऊन बसतो! ज्या गावाचा पत्ताच हळदीवाचून लागत नाही, तिथल्या माणसांना मी हळद कशी लावायची हे काय सांगणार? ते मी सांगणारही नाही. आज विषय एकच घेतला आहे : खत. हळदीला किती खत घालायचं, आणि जास्त घातलं तर हळद खरंच जास्त येते का?

भाऊसाहेबांच्या, म्हणजे पंजाबरावांच्या, स्मरणाला हा विषय शोभतो की नाही, असं मला आधी वाटलं होतं. मग लक्षात आलं, याहून शोभणारा दुसरा नाही. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षं पंजाबराव कृषिमंत्री म्हणून देशाची शेती सांभाळत होते. सिंदरीचा सरकारी खत कारखाना नुकताच, १९५१ साली, सुरू झाला होता. देशाला धान्य पुरत नव्हतं. भाऊसाहेबांनी जपानी भातशेतीचा प्रचार हाती घेतला. रोप निगुतीनं वाढवा, ओळीत लावा, आणि पिकाला पोटभर खत द्या. तेव्हा खत ही वस्तू शेतकऱ्याच्या ओळखीची करून देणं हेच मोठं काम होतं. शेणखताशिवाय दुसरं काही वावरात घालायला माणूस भीत होता.

आज सत्तर वर्षांनी कुणाला ‘खत घाला’ म्हणून सांगावं लागतं का? युरियाची गाडी येणार असं कळलं की पहाटेपासून रांग लागते. प्रश्न आता उलटा झाला आहे. किती? कधी? आणि कशासाठी? यांतला ‘कशासाठी’ आपण जवळजवळ विसरलोच आहोत. तिथूनच सुरुवात करतो.

हळद तुम्ही कशासाठी लावता? पाल्यासाठी? नाही. तरी आपण पीक पाहतो ते पाला पाहूनच. धुऱ्यावर उभं राहायचं, शेजाऱ्याची हळद कमरेपर्यंत, आपली मांडीपर्यंत, आणि रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात. खताचे प्रयोग जिथे जिथे होतात, तिथे मापं घेतात : झाडाची उंची, पानांची संख्या, पानाची लांबी-रुंदी, फुटवे, आणि शेवटी गड्ड्याचं आणि हळकुंडाचं वजन. नत्र वाढवत गेलं की उंची वाढते, पानं वाढतात, फुटवेही वाढतात. पाला नत्राला लगेच हो म्हणतो. पण कंदाचं वजन तसं चढत नाही. ते आधी भराभर चढतं, मग सावकाश, मग जागच्या जागी थांबतं. आणि त्याच्याही पुढे गेलात तर खाली यायला लागतं. म्हणजे वाढ ही एक गोष्ट, उत्पादन ही दुसरी. धुऱ्यावरून दिसते ती पहिली. पैसे मिळतात दुसरीचे.

असं का होतं? हळदीचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. पहिला सव्वा-दीड महिना उगवणीचा. तेव्हा कोंब बेण्याच्याच शिदोरीवर जगत असतो, मुळं जेमतेम असतात. त्यानंतर पानं आणि फुटवे. मग कुठे हळकुंडं फुटतात, आणि शेवटी ती भरतात. पानात तयार झालेली साखर खाली उतरून कंदात पिष्ट म्हणून साठते. हे उतरणं सुरू व्हायच्या वेळी तुम्ही वरून पुन्हा नत्र दिलंत, तर झाड म्हणतं, अजून पावसाळा आहे, अजून पानं काढू. खाली जायची ती कमाई वरच खर्च होते.

आता इथे वायगावच्या हळदीची खरी मेख आहे. सेलम जात तयार व्हायला साडेआठ-नऊ महिने घेते. तुमची वायगाव सात-साडेसात महिन्यांत काढणीला येते. भरणीच्या वेळी, म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांनी झाडांना माती लावताना, नत्राचा शेवटचा हप्ता दिला, तर सेलमकडे तो पचवायला पाच महिने उरतात. वायगावकडे उरतात चार, किंवा त्याहूनही कमी. आणि भरणीला उशीर झाला तर? मजूर मिळाले नाहीत, पाऊस उघडला नाही, पोळा झाला, गणपती झाले, नवरात्र आलं, आणि पाला जरा पिवळा दिसला म्हणून घाईनं युरिया फेकला. सेलमवाला त्यातून सुटेल. वायगाववाला सुटत नाही. माझा आग्रहच म्हणा ना : वायगावच्या हळदीला भरणीनंतर युरिया दाखवू नये.

आणि तो पिवळेपणा तरी नत्राचाच असतो का? जरा वाकून पाहा. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, असं असेल तर लोह कमी आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ही गोष्ट नित्याची. त्याला उपाय हिराकस. त्यावर युरिया घालणं म्हणजे ताप एकाला आणि गोळी दुसऱ्याला.

आता दुसरा मुद्दा, आकड्याचा.

महाराष्ट्रात हळदीची प्रसिद्ध शिफारस कोणती? हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद, १०० किलो पालाश, आणि जोडीला २५ टन शेणखत. स्फुरद आणि पालाश सगळं लागवडीच्या वेळी. नत्राचे दोन भाग, एक दीड महिन्यानं, दुसरा भरणीला. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे. ही शिफारस त्या मुलखातून घरोघरी गेली.

आता केरळात चला. कोझिकोडला भारतीय मसाला पिके संशोधन संस्था आहे. ती काय सांगते? हेक्टरी ६० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, १२० किलो पालाश. आणि त्याच राज्यातलं कृषी विद्यापीठ? ३०, ३० आणि ६०! शेणखत मात्र हेक्टरी ४० टन.

कोण खोटं बोलतं आहे? कुणीच नाही. केरळची जमीन जांभ्याची, पाऊस आपल्या दुपटी-तिपटीनं, पालाश वाहून जातं. म्हणून तिथे पालाश नत्राच्या दुप्पट. शेणखत आणि पाल्याचं आच्छादन भरपूर, त्यामुळे युरियाची गरज कमी. सांगलीकडे कृष्णाकाठची खोल जमीन, बारमाही पाणी, लांब मुदतीच्या जाती, उत्पादनाची उडी मोठी. तर खुराकही मोठा. प्रत्येक आकडा आपापल्या मातीत खरा आहे. पण आपण काय करतो? सांगलीचा आकडा, हिंगोलीच्या पाहुण्यानं फोनवर सांगितलेला आकडा आणि दुकानदाराकडे शिल्लक असलेली बॅग, या तिघांची बेरीज करून आपल्या गिरडच्या मुरमाड वावरात टाकतो.

बॅगांचा हिशेब एकदा मांडू, कारण बोलणं किलोत होतं आणि घेणं बॅगेत. हेक्टरी २०० किलो नत्र म्हणजे एकरी ८०. युरियात नत्र ४६ टक्के आणि बॅग आता ४५ किलोची. म्हणजे चार बॅगांना थोडं कमी. स्फुरद एकरी ४०, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटच्या पाच बॅगा. पण बहुतेक जण सुपर घेत नाहीत, डीएपी घेतात. पावणेदोन बॅगा डीएपीत ४० किलो स्फुरद भरतं. पण त्याबरोबर जवळजवळ १६ किलो नत्रही येतं. ते कुणी वजा करतं का? वजा केलं तर युरिया तीन बॅगांवर येतो. न केल्यानं एक बॅग जास्तीची जाते. शिवाय डीएपीतलं हे नत्र लागवडीलाच पडतं, जेव्हा कोंब बेण्यावर जगतो आहे आणि त्याला नत्राची भूकच नाही. सुपरमध्ये गंधक असतं, ते हळदीच्या कामाचं. डीएपीत ते जवळजवळ नाहीच. तरी रांग डीएपीला! बॅगेच्या रंगावर आपली श्रद्धा फार.

१८४० साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट ठासून सांगितली. पिकाची वाढ ठरते ती सगळ्यात कमी असलेल्या अन्नद्रव्यावर. बंडीला एक बैल दांडगा आणि दुसरा लंगडा जुंपला, तर बंडी कुणाच्या चालीनं चालेल? आपण दांडग्यालाच आणखी सरकी चारत बसलो आहोत. आपल्याकडे दांडगा म्हणजे नत्र. का? कारण ते स्वस्त आहे. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना; नत्र पडलं किलोला तेरा रुपयांच्या आत. पालाशची बॅग तिच्या कितीतरी पट महाग. माणूस स्वस्त ते जास्त घालणारच. अर्थशास्त्र म्हणतं, शेवटच्या बॅगेनं आपला खर्च भरून काढला पाहिजे, तिथे थांबावं. पण बॅगच इतकी स्वस्त असेल, तर थांबायला सांगणार कोण? किंमत थांबवत नाही. मग थांबवतो करपा, थांबवते कंदकूज. माजलेल्या, दाट पाल्यात वारा खेळत नाही, पानं ओली राहतात, कोवळ्या पेशींत रोग शिरतो. त्यावरच्या फवारणीचा खर्च आपण युरियाच्या खात्यावर मांडत नाही.

आणि टाकलेलं सगळं पिकाला मिळतं, या भ्रमात तर आपण अजिबात राहू नये. जमीन आपली काळी, सामू सातच्या वर, बऱ्याच ठिकाणी आठच्या पुढे. अशा जमिनीवर उन्हात युरिया नुसता फेकला की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. नाकाला वास येतो ना? ते तुमचे पैसे उडतात. जुलैत झड लागली, वाफ्यात पाणी साचलं, की नायट्रेटचा वायू होऊन तोही जातो. नत्रातलं निम्मं पिकाच्या पोटात गेलं तरी पुष्कळ झालं म्हणायचं. स्फुरदाची गत वेगळी. ते उडत नाही, पण चुन्याशी लग्न लावून बसतं, आणि पहिल्या हंगामात पाचवा हिस्सा मिळाला तरी भाग्य. म्हणून खत मातीआड करा, ओलीवर द्या, हप्ते पाडा. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी थोडं थोडं पाण्यातून द्यावं, तेवढ्याच युरियात जास्त काम होतं. यात नवीन काही नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. करत मात्र नाही, कारण मातीआड करायला मजूर लागतात आणि फेकायला एकटा माणूस पुरतो.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग सोडून द्या ही रसायनं, शेणखतावर जाऊ. वर्धा जिल्ह्यात बसून हे म्हणण्याचा आपल्याला हक्कच आहे! १९३४ साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, जे. सी. कुमारप्पांनी तिथून वर्षानुवर्षं सांगितलं की जमिनीतून जे घेता ते तिला परत करा. १९३५ साली गांधीजी इंदूरला अल्बर्ट हॉवर्डची कंपोस्टची पद्धत जिथे घडली ती संस्था पाहायला गेले, आणि पुढच्याच वर्षी आपल्या सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. ही परंपरा मला मोलाची वाटते. म्हणूनच तिचा हिशेब प्रामाणिकपणे करायला हवा.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा. एकरी १० टन, म्हणजे साधारण वीस बंड्या, घातल्या तर ५० किलो नत्र आलं. पण पहिल्या वर्षी त्यातलं तिसरा हिस्सा, सोळा-सतरा किलो, पिकाला मिळतं. बाकीचं पुढच्या वर्षांसाठी. एकरी ८० किलो नत्र पहिल्याच वर्षी फक्त शेणखतातून द्यायचं, तर शंभराच्या आसपास बंड्या लागतील. गावात गुरं किती उरली? ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले, आणि जे शेण आहे त्याच्या गोवऱ्या होतात. वीस बंड्या जमवतानाच जीव जातो, शंभर कुठून आणणार? मग घाईनं अर्धकच्चं शेणखत टाकलं जातं, आणि त्याबरोबर हुमणी येते.

म्हणजे शेणखत निरुपयोगी का? मुळीच नाही! ते नत्राच्या हिशेबात मोजणं हाच आपला कद्रूपणा आहे. भारी काळ्या मातीत गड्ड्याला पसरायला जागा लागते. माती चिकट आणि घट्ट असेल तर हळकुंड बारीक, वाकडं. शेणखत मातीत हवा खेळवतं, पाणी निचरवतं, चुन्याच्या तावडीतलं स्फुरद थोडं थोडं सोडवतं, जस्त-लोह हाती लागू देतं. अकोल्याच्या, भाऊसाहेबांच्याच नावाच्या विद्यापीठात ज्वारी-गव्हावर वर्षानुवर्षं खताचा प्रयोग चालू आहे. देशभरच्या अशा लांब मुदतीच्या प्रयोगांचं सांगणं एकच : नुसतं नत्र देत राहिलात तर उत्पादन घसरत जातं, आणि तिन्ही अन्नद्रव्यांना शेणखताची जोड दिली की ते टिकतं. हळदीला वेगळा न्याय नाही. आधी शेणखत, ताग-धैंचा, सोयाबीन-तुरीनंतरची बेवड, त्यावर बॅग. बॅगेनं सुरुवात करून शेणखत सवडीनं, हा क्रम उलटा आहे.

आता मी सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. वजन.

‘एकरी किती झाली?’ असं विचारलं की उत्तर येतं ओल्या हळदीचं. शंभर क्विंटल, सव्वाशे क्विंटल. ओली हळद विकता का तुम्ही? बेण्यापुरती. बाकीची शिजते, वाळते, पॉलिश होते, आणि मग तराजूवर चढते. शंभर किलो ओल्यातून किती किलो वाळलेली निघते, तो उतारा. वायगावच्या हळदीचं नाव उताऱ्यावर आणि रंगावर आहे. कुरकुमिन सहा टक्क्यांच्या वर, हे तिच्या मानांकनाचं बळ आहे. समजा, एका तुकड्यात ८० क्विंटल ओली आणि उतारा २० टक्के. वाळलेली १६ क्विंटल. शेजारच्या तुकड्यात जास्त नत्र, ९० क्विंटल ओली, पण कंदात पाणी जास्त, कंद अपुरा भरलेला, उतारा १७. वाळलेली १५ क्विंटल ३० किलो. दहा क्विंटल जास्त खणली, जास्त वाहिली, जास्त शिजवली, जास्त सरपण जाळलं, आणि तराजूवर सत्तर किलो कमी भरली! हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. पण शिजवणाऱ्या बायांना विचारा, फुगीर हळद कुठल्या वावरातली आणि ठोस कुठल्या, हे त्या हातात घेऊन सांगतील. खताची चर्चा दुकानाच्या ओट्यावर पुरुष करतात; तिचा निकाल चुलीपाशी बायांना कळतो. आणि त्यांना कुणी विचारत नाही.

१९९७ साली अमेरिकेतलं हळदीचं पेटंट डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरनं लढून रद्द करून घेतलं. आपल्याला केवढा अभिमान वाटला! जखमेवर हळद लावण्याचं ज्ञान आमचं आहे, हे आपण वॉशिंग्टनमध्ये सिद्ध केलं. आणि आमच्या वावरात हळदीला किती बॅगा लागतात हे मात्र आम्ही दुकानदाराला विचारतो. हे कसं काय?

मग विचारायचं कुणाला? जमिनीला. इंग्लंडात रोदॅमस्टेड नावाची जागा आहे. तिथल्या जॉन लॉज या जमीनदारानं १८४२ साली सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं, कारखाना काढला. म्हणजे माणूस खत विकणारा. पुढच्याच वर्षी, १८४३ साली, त्यानं जोसेफ गिल्बर्टला हाताशी धरून गव्हावर खताचा प्रयोग मांडला. वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी खतं. आणि एक पट्टा त्यानं कोरा सोडला. त्यात काहीही घालायचं नाही. तो पट्टा आजही कोरा आहे! पावणेदोनशे वर्षांहून जास्त. खत विकणाऱ्याला एवढं कळलं होतं की खतानं किती दिलं हे सांगायचं, तर जमीन आपल्या अंगानं किती देते ते आधी माहीत पाहिजे. त्याशिवाय सगळं श्रेय बॅगेला जातं. पाऊस चांगला झाला, तरी बॅगेला. बेणं चांगलं होतं, तरी बॅगेला.

तुमच्या वावरात असा कोरा तास, म्हणजे युरियावाचूनची ओळ, आहे का? नसेल, तर या लागवडीला सोडा. अर्धा एकर पुरे. आधी मातीची तपासणी, तिच्यातला सेंद्रिय कर्ब आणि सामू पाहा. शेणखत सगळीकडे सारखं, बेणं एकाच ढिगातलं आणि एकाच आकाराचं, लागवड एकाच दिवशी. काही तास युरियावाचून. काही तासांना शिफारशीच्या निम्मं नत्र, काहींना पूर्ण, काहींना दीडपट. स्फुरद आणि पालाश सगळ्यांना सारखंच. नाही तर कशानं काय झालं ते कळणार नाही. चारही प्रकार वावराच्या निदान तीन ठिकाणी पुन्हा पुन्हा लावा, कारण एक कोपरा नेहमीच चांगला असतो आणि तो कुठला हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. आपल्या लाडक्या प्रकाराला तो कोपरा देऊ नका! पाट्या रोवा. पाल्याची उंची हवी तर मोजा, पण तिच्यावर पैज लावू नका.

काढणी झाली की प्रत्येक प्रकाराची हळद वेगळ्या पोत्यात, वेगळी शिजवायची, वेगळी वाळवायची. तिथेच सगळे प्रयोग फसतात, कारण कुकर भाड्याचा असतो आणि कुकरवाला सगळं एकदम भरायला घाई करतो. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. ओलं वजन, वाळलेलं वजन, खताचा खर्च आणि फवारणीचा खर्च, एवढ्या चार गोष्टी वहीत मांडा. मुलांच्या जुन्या वहीची मागची पानं चालतील. वणा नदीकाठच्या भारी जमिनीतले पाच जण आणि गिरडकडच्या हलक्या जमिनीतले पाच जण, एवढ्यांनी हे तीन वर्षं केलं, तर वायगावच्या हळदीची मात्रा या तालुक्यातून लिहिली जाईल. तीन वर्षं का? कारण एक पाऊस दुसऱ्यासारखा नसतो. त्या वह्या घेऊन सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, अकोल्याला जा, आणि म्हणा, हे आमचे आकडे, आता तुमचे दाखवा.

आणि आणखी एक करा. ज्या बाया शिजवण्यावर असतात त्यांना त्या पोत्यांवरच्या पाट्या आधी दाखवू नका. हळद हातात द्या आणि विचारा, यातली फुगीर कुठली, ठोस कुठली. मग पाट्या पाहा. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी वेळ ठेवला आहे. पहिला प्रश्न त्या बाजूच्या बहिणींकडून यावा, एवढी विनंती करतो आणि खाली बसतो.